गाळलेलं आणि लपवलेलं

ग्लेन गूल्डवरच्या चित्रपटात गूल्डची भूमिका करणारा नट एकदाही पियानो वाजवताना दिसत नाही. फ्रान्स्वा जिरार या क्विबेकच्या दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९९३ सालचा. नाव 'थर्टी टू शॉर्ट फिल्म्स अबाउट ग्लेन गूल्ड', आणि नावात आहे तेच पडद्यावर आहे : बत्तीस तुकडे. काही पाच-सहा मिनिटांचे, काही मिनिटभराचेही नसतील. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'मध्ये सुरुवातीला एक आरिया, मग तिची तीस रूपं आणि शेवटी पुन्हा तीच आरिया येते. जिरार आणि त्याचा सहलेखक डॉन मकेलर यांनी तोच हिशेब चित्रपटाला लावला. गूल्ड जगाला माहीत झाला तो याच रचनेच्या ध्वनिमुद्रणामुळे. ते त्याने १९५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी केलं. १९८१ मध्ये तीच रचना त्याने पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, पन्नाशी पुरी होऊन जेमतेम आठवडा झाला असताना, तो गेला.

पहिल्या तुकड्यात पांढरंशुभ्र बर्फाचं मैदान आहे. लांबवर एक ठिपका. ठिपका हळूहळू माणूस होतो. शेवटच्या आरियात तोच माणूस तसाच चालत पुन्हा ठिपका होतो. मधल्या तुकड्यांत जन्म, शिक्षण, यश, आजार असा क्रम सापडतो, पण तो आपण लावून घ्यायचा. एका तुकड्यात कॅमेरा थेट त्याच्या पियानोच्या पोटात शिरतो. हातोड्या उठतात, तारांवर पडतात, वाजवणारा दिसतच नाही. एकात क्ष-किरणांनी टिपलेली हाडं वाजवतात. एकात तो घेत असलेल्या गोळ्यांची यादी आहे, बाकी काही नाही. रस्त्याकडेच्या एका खानावळीत तो नुसता बसून राहतो आणि आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी एकमेकांत गुंतत जातात, बाखच्या फ्यूगमध्ये आवाज गुंतावेत तशी. मला सगळ्यांत आवडतो तो हॅम्बुर्गचा तुकडा. हॉटेलात खोली आवरायला आलेल्या बाईला तो थांबवतो, बसवतो, आणि नुकतीच हाती आलेली आपली तबकडी लावतो. बाई अवघडलेली. कामं पडलीत, आणि हा कोण विचित्र गिऱ्हाईक! मग हळूहळू ती ऐकायला लागते. आपण सूर ऐकत असतो आणि पाहत असतो तिचा चेहरा.

संगीतकारांवरचे चित्रपट पाहायची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटतं. तिथे खरी परीक्षा हातांची आणि ओठांचीच असते. 'बालगंधर्व'मध्ये (२०११) सुबोध भावे ओठ हलवतो आणि गळा आनंद भाटे यांचा असतो. तो सांधा दिसला नाही म्हणून आपण खूश होतो, आणि त्यात गैर काही नाही. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. कॉल्म फिओर हा गुणी नट. त्याला पियानोसमोर बसवून हात दुसऱ्याचे दाखवणं जिरारला अवघड नव्हतं. त्याने ते केलं नाही. गूल्डचं वाजवणं चित्रपटभर ऐकू येतं, पण त्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलेलं नाही. ती जागा रिकामी आहे, आणि रिकामी आहे हे प्रेक्षकाला कळतं.

जादवपूरला तौलनिक साहित्यात एम. ए. करत असताना मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला. दोन सीडींवरची खराब प्रत होती, पंखा घरघरत होता. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तुकड्यांचं फार कौतुक. सलग गोष्ट म्हणजे लबाडी आणि तुकडे म्हणजे प्रामाणिकपणा, अशी आमची सोपी वाटणी होती. मी त्यावर एक निबंधही लिहिला होता. तो आता कुठे आहे कोण जाणे; सापडू नये. त्यात मी म्हटलं होतं की न सांगणं हे सांगण्यापेक्षा नेहमीच जास्त सभ्य असतं. हे वाक्य मी पंधराएक वर्षं मनात बाळगलं. भाषांतर करणाऱ्याला ते सोयीचं पडतं. आपण दिसायचं नाही, मधे बोलायचं नाही, ही आमची धंद्याची रीतच.

चित्रपटात 'पत्र' नावाचा एक तुकडा आहे. गूल्डच्या कागदांत सापडलेलं एक प्रेमपत्र त्यात ऐकू येतं. एका स्त्रीवर आपलं प्रेम आहे, असं तो तिसऱ्याच कुणाला लिहितो आहे. ती कोण, ते चित्रपट सांगत नाही. दुसऱ्या एका तुकड्यात मुलाखतकार एकामागून एक प्रश्न विचारतात. काही भोचक, काही सरळ त्याच्या शय्यागृहात डोकावणारे. उत्तर एकाही प्रश्नाला नाही. विद्यार्थिदशेत मला ही दोन्ही प्रकरणं सभ्यतेचा नमुना वाटली. माणसाने स्वतःभोवती दार लावून घेतलं होतं. १९६४ च्या एप्रिलमध्ये, बत्तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने लॉस एंजेलिसला शेवटचा जाहीर कार्यक्रम केला आणि मंच सोडला तो कायमचा. मला ऐका, बघू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. चित्रपट ते ऐकतो. यापेक्षा नीतीने चरित्र कसं करायचं?

पुढे २००७ साली टोरांटोच्या एका वृत्तपत्रात कॉर्नेलिया फॉस ही चित्रकार बोलली. संगीतकार लुकास फॉस याची ती पत्नी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ती दोन मुलांना घेऊन टोरांटोला आली होती, गूल्डसाठी. चारेक वर्षं हे नातं टिकलं, मग ती नवऱ्याकडे परत गेली. २००९ च्या 'जीनियस विदिन' या माहितीपटात ती कॅमेऱ्यासमोर बसून हे सांगते. तिची मुलंही बोलतात, आता मोठी झालेली. ज्याला जग एकलकोंडा, स्पर्शाला भिणारा, कदाचित स्त्रीपुरुष या भानगडीच्या पलीकडचा समजत होतं, तो त्या मुलांना घरच्या माणसासारखा आठवतो.

बातमी वाचली तेव्हा मला राग आला होता. आता कशाला? तो गेला, त्याने लपवलं होतं, राहू द्यायचं होतं. 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं तेव्हा पु. लं.च्या चाहत्यांपैकी काहींनी जे म्हटलं तेच मी म्हणत होते. आमच्या घरी त्या पुस्तकावरून दोन मावश्यांत अबोला झाला होता. मी सुनीताबाईंच्या बाजूची, आणि तरी फॉसबाईंच्या बाबतीत मात्र गूल्डच्या बाजूची. यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही. ती दिसायला एक फोन यावा लागला.

काही वर्षांपूर्वी मी एका वृद्ध पेटीवादकाच्या आठवणींचं हिंदी भाषांतर केलं. गाव, वार आणि वाद्य मी इथे बदललं आहे, तेव्हा ओळखायचा प्रयत्न कुणी करू नये. समजा, इंदूर. आयुष्यभर साथीला बसलेला माणूस. कार्यक्रमपत्रिकेवर नाव खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. मी त्यांना काका म्हणत असे. ते मराठीत बोलायचे, मी ध्वनिमुद्रण करून घ्यायची, मग मराठी मजकूर तयार करून तो हिंदीत न्यायची. प्रकाशक हिंदीचा होता. काकू चहा ठेवून जायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "खरं-खोटं तपासून घे गं, यांना तिखटमीठ लावायची सवय आहे."

एके दिवशी बोलता बोलता काका म्हणाले, "मंगळवारी उज्जैनला शिकवणी असे." पुढचं वाक्य दुसऱ्याच विषयावर गेलं. मग थांबले आणि म्हणाले, "ते यंत्र बंद कर जरा." मी केलं. उज्जैनला शिकवणी नव्हती. तिथे एक घर होतं, घरात एक बाई, आणि त्या बाईपासून झालेली एक मुलगी. सव्वीस वर्षं मंगळवार. सांगून झाल्यावर ते हलके झाल्यासारखे दिसले नाहीत, उलट थकले. "हे घालायचं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नाही घालणार, काका." मग यंत्र पुन्हा सुरू केलं आणि आम्ही पेटीच्या सुरांवर, कोण कसं ट्यूनिंग करून देत असे यावर, बोलत राहिलो.

पुस्तक निघेपर्यंत ते राहिले नाहीत. संपादकांनी विचारलं होतं, आणखी काही साहित्य शिल्लक आहे का? मी म्हटलं, नाही. हे मला मुळीच जड गेलं नाही. मी गूल्डच्या चित्रपटाची विद्यार्थिनी. न सांगणं सभ्य.

पुस्तक येऊन वर्ष झालं असेल, तेव्हा फोन आला. बाई पन्नाशीच्या आसपासच्या असाव्यात आवाजावरून. हिंदीत बोलत होत्या. नाव सांगितलं, ते मला काहीच बोललं नाही. मग म्हणाल्या, मी उज्जैनहून बोलते आहे. मी खुर्चीत सरळ बसले. मला वाटलं, त्या म्हणणार, माझं नाव का नाही? किंवा, वाटणीचं काहीतरी. आपलं मन किती झटकन तिकडे जातं! त्यांनी ते काही म्हटलं नाही. पुस्तक दोनदा वाचलं, चांगलं झालं आहे, बाबांचा बोलण्याचा ढंग हिंदीतही आला आहे, असं म्हणाल्या. आणि मग : "बस एक बात है. वो ट्यूशन देने नहीं आते थे, दीदी. इतना तो निकाल दीजिए."

नाव घाला असं त्यांचं म्हणणं नव्हतं. खरं काय ते सांगा, असंही नव्हतं. खोटं तेवढं काढा.

फोन ठेवल्यावर मी मराठी मजकूर काढला, आणि मला माझीच लाज वाटली, ती एका व्याकरणाच्या गोष्टीमुळे. काका म्हणाले होते, "मंगळवारी उज्जैनला शिकवणी असे." या मराठी वाक्यात कर्ताच नाही. शिकवणी असे, कुणाची, कुणाला, काही नाही. बोलणाऱ्याने स्वतःला त्यातून अलगद बाजूला ठेवलं आहे. खोटं बोलताना माणूस जी जागा सोडतो ती त्यांनी सोडली होती. मी हिंदीत काय केलं? "मंगल को मैं ट्यूशन देने उज्जैन जाता था." ओघवतं, स्वच्छ, नैसर्गिक हिंदी. कर्ता आणला, क्रियापद आणलं, हेतू आणला. कुचमत म्हटलेलं एक अर्धंमुर्धं खोटं मी ठणठणीत करून छापलं. तेही ते खोटं आहे हे माहीत असताना. मूळ वाक्याशी इमान राखलं म्हणावं, तर तेही राखलं नव्हतं.

त्या रात्री मी चित्रपट पुन्हा पाहिला, आता चांगल्या प्रतीत. आणि विद्यार्थिदशेतल्या निबंधात काय चुकलं ते कळलं. जिरारने हात गाळले, पण त्या जागी खोटे हात बसवले नाहीत. पत्रातल्या स्त्रीचं नाव गाळलं, पण ती नव्हतीच असं म्हटलं नाही, पत्र ऐकवलं. प्रश्नांची उत्तरं गाळली, पण प्रश्न ठेवले. मी नेमकं उलटं केलं होतं. उत्तर गाळून त्या जागी ट्यूशन बसवली होती, आणि वर स्वतःला अबोल, मर्यादशील वगैरे समजत होते. गाळणं आणि लपवणं यांत फरक आहे, हे वाचकाच्या बाजूने बघितलं की लगेच समजतं. गाळलं असेल तर त्याचा पाय खाचेत पडतो. लपवलं असेल तर तो सपाट जमिनीवरून पुढे निघून जातो. आणि त्या जमिनीखाली कुणीतरी राहत असतं.

अडचण अशी की खुद्द गूल्डला हा फरक मान्य झाला नसता. सांधा लपवण्यात त्याला काही वावगं वाटत नसे. १९६६ च्या एका लेखात त्याने बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर'मधल्या ए मायनर फ्यूगची हकिकत सांगितली आहे. कितीतरी टेक झाले. त्यांतले सहावा आणि आठवा निर्दोष. पण काही आठवड्यांनी ऐकताना दोन्ही कंटाळवाणे वाटले. एक फार कडक, दुसरा फार उल्हासी. मग सुरुवात आणि शेवट एका टेकमधून आणि मधला भाग दुसऱ्यातून घेऊन त्याने एक तिसरंच वादन जोडलं. असं वादन कधी एका बैठकीत झालंच नव्हतं. आणि ते दोन्हींपेक्षा चांगलं. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही, मग त्याची फसवणूक झाली असं का म्हणावं, असा त्याचा रोखठोक सवाल.

संगीतापुरतं मला ते पटतं. सहावा टेक फोन करून म्हणत नाही, की मला का कापलं. माणसाच्या आयुष्यात मात्र कापलेल्या फितीवर कुणाचं तरी बालपण असतं. कॉर्नेलिया फॉसवर रागावताना मी हेच विसरले होते. ते गुपित गूल्डचं होतं हे खरं, पण एकट्याचं नव्हतं. टोरांटोतली ती चार वर्षं तिचीही होती, त्या दोन मुलांची होती. तिने चाळीस वर्षं वाट पाहिली. याहून जास्त थांबायला सांगणारी मी कोण? गूल्डच्या रेकॉर्डवर प्रेम करते म्हणून त्याच्या मौनाची राखणदार?

पण तरी जिरारने तिला चित्रपटात आणायला हवं होतं, असं मला वाटत नाही. ती स्वतः बोलली नव्हती तोवर तिचं नाव घेण्याचा हक्क त्याला नव्हता. तिला जागा ठेवण्याचा होता, आणि ती त्याने ठेवली. चौदा वर्षांनी ती आली तेव्हा चित्रपटातलं एकही वाक्य खोटं ठरलं नाही. मणि कौल यांनी 'सिद्धेश्वरी'च्या (१९८९) शेवटाकडे जे केलं तेही मला याच जातीचं वाटतं. इतका वेळ सिद्धेश्वरीदेवी होऊन वावरलेली मीता वसिष्ठ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खऱ्या सिद्धेश्वरीदेवींना गाताना बघते. नटी बाजूला सरते. खरं माणूस येईल तेव्हा त्याला बसायला पाट हवा, एवढं चरित्र सांगणाऱ्याने बघावं.

काकांना दिलेल्या शब्दाचं काय, हा प्रश्न उरतोच. मी तो मोडलेला नाही असं मी स्वतःला समजावते. घालायचं नाही, म्हणाले होते. मी घालत नाहीये, काढते आहे. पण मेलेल्या माणसाच्या तोंडचा शब्द काढणं हीसुद्धा कात्रीच. ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, त्यात शिकवणी हा शब्द स्वच्छ ऐकू येतो. उद्या कुणी अभ्यासक मूळ फीत आणि छापील पान समोरासमोर ठेवून विचारेल, की भाषांतरकाराने हा शब्द का खाल्ला, तर त्याला मी काय सांगणार? काकू हयात आहेत. पुस्तक त्यांच्या उशाशी असतं. हिंदी वाचायला त्यांना वेळ लागतो, बोट ठेवून वाचतात. म्हणजे एकेक शब्द वाचतात. त्यांना ठाऊक नसेल असं मी धरून चालले होते. सव्वीस वर्षांचे मंगळवार. "तिखटमीठ लावायची सवय आहे" हे त्या हसून म्हणाल्या होत्या की नाही, ते आता मला नीट आठवत नाही.

आणि हा लेख? यात मी इंदूर म्हटलं, उज्जैन म्हटलं, पेटी म्हटलं. यांतलं काहीच तसं नाही. म्हणजे एका खोट्याची कबुली देताना मी चार नवी खोटी बसवली. फरक इतकाच, की बसवली आहेत हे सांगितलं. तो पुरेसा आहे का, हे मी त्या बाईंनाच विचारलं. सगळा लेख फोनवर हिंदीत सांगितला, तोंडीच, जमेल तसा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, उज्जैन कशाला, दुसरं एखादं गाव घ्यायचं होतं, उज्जैनला आमचे बरेच नातेवाईक आहेत. आणि हसल्या. मी उज्जैनच ठेवलं. 'मी उज्जैनहून बोलते आहे' असं त्या पहिल्या फोनवर म्हणाल्याच नव्हत्या.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं गेल्या महिन्यात आली. ते वाक्य आता असं आहे : "मंगल को मैं उज्जैन में रहता था." ट्यूशन नाही, देने नाही. त्यापुढे पूर्वीसारखाच विषय बदलतो. प्रूफ वाचणाऱ्याने समासात पेन्सिलीने बाण काढून विचारलं होतं, "यहाँ कुछ छूट गया है?" मी त्याखाली "नहीं" लिहिलं. मग ते खोडलं, "ऐसे ही रहने दें" असं लिहिलं आणि पान परत पाठवलं.